जमीन कुणाला द्यायची

तिरुवैयारूजवळून (तंजावर जिल्हा),
५ ऑगस्ट

चि. आदित्य यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. बाबांचे गुडघे आता त्यांना बांधावरून फिरू देत नाहीत, तेव्हा जमीन कुत्तगैने, म्हणजे ठरावीक खंडाने, द्यावी आणि आम्ही दोघांनी पुण्यास यावे, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. मात्र जो सर्वांत जास्त खंड बोलेल त्यालाच ती द्यावी, हे मला पटत नाही. तू हायस्कुलापासून वसतिगृहात राहिलास, त्यामुळे गाव तुला सुट्टीपुरतेच ठाऊक. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आपली जमीन बारा मा, म्हणजे साधारण चार एकर. मी साताऱ्याहून या घरात आले तेव्हा मला वाटे, जमीन आपली म्हणजे पाणीही आपले. इथे तसे नाही. कावेरीवरचे मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले आणि १२ जूनला त्याचे दरवाजे उघडायचे अशी रीत पडली. परंतु ती तारीख धरणात साठा असेल तरच पाळली जाते, आणि वरून कर्नाटकातून पाणी कमी आले की कुरुवैचे, म्हणजे लवकरच्या भाताचे, पीक हुकून सगळी भिस्त सांब्यावर, म्हणजे नंतरच्या लांब मुदतीच्या भातावर, येते. सोडलेले पाणी कल्लणैला येते, जो बंधारा करिकाल चोळ राजाने बांधला असे मानतात. तिथे कावेरी, वेण्णार, कोळ्ळिडम आणि मोठा कालवा अशी त्याची वाटणी होते, आणि मग फाटे, उपफाटे करीत ते आपल्या वाय्क्कालात, म्हणजे पाटात, शिरते. पाणी यायच्या आधी पाटातला गाळ आणि जलपर्णी काढायची असते. याला कुडिमरामत्तु म्हणतात. पूर्वी घरटी माणूस जायचा, हल्ली काही काम सरकारी योजनेतून होते आणि काही होतच नाही. ज्याच्या शेताच्या खालचा पाट तुंबला, त्याचे काही बिघडत नाही; कोरडा राहतो तो खालच्या अंगाचा. आपले शेत मध्ये आहे. बाहेरचा खंडकरी दोन हंगामांचा हिशेब करतो, पाट कशाला उपसेल? खालची सात-आठ घरे मग आपल्या नावाने खडे फोडतील.

परवा आडिप्पेरुक्कु झाला. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीला आलेल्या नव्या पाण्याचा हा सण. आम्ही बायका तिरुवैयारूच्या पुष्यमंडपाच्या घाटावर गेलो होतो. पायरीवर हळदीचा पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, मांडायचा, भिजवलेल्या तांदळात गूळ घालून नैवेद्य करायचा, आणि कावेरीला गर्भार बाई समजून तिला ताडपानाची गुंडाळलेली कर्णफुले व काळे मणी वाहायचे. नव्या नवऱ्या गळ्यातला पिवळा दोरा बदलतात. घरी चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा आणि दह्याचा, असा चार तऱ्हांचा भात होतो. यंदा घाटाशी पाणी होते; काही वर्षी वाळूत खड्डा करून, नाहीतर नळाच्या पाण्याशी पूजा उरकावी लागली, तेव्हा शेजारच्या आजी दिवसभर कुणाशी बोलल्या नव्हत्या.

आता मजुरांचे. चिखलणी ट्रॅक्टर करतो, कापणीला यंत्र येते, काही जण थेट बी फोकून पेरतातही. परंतु आपल्या शेतात तरवा उपटून लावणी अजून बायकाच करतात. रांगेत वाकून, मागे मागे सरकत, तीन-चार रोपांचा चूड अंगठ्याने चिखलात बसवतात. खोल गेला तर फुटवे कमी येतात, वरवर राहिला तर तरंगतो. या टोळीची जी मुकादमीण आहे, तिच्या सासूनेही आपलेच शेत लावले आहे. तिची वस्ती गावापासून वेगळी, पाटाच्या पलीकडे आहे, हे तू सायकलवरून जाताना पाहिले असशील, पण विचारले नसशील. जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात २५ डिसेंबर १९६८ रोजी दलित शेतमजुरांची ४४ माणसे, बहुतेक बायका व मुले, एका झोपडीत जाळून मारली गेली. मजुरांनी मजुरी वाढवून मागितली होती. इथल्या सणावारांचे कौतुक करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, असे मला वाटते. आपल्या घराण्याची या भागातली जमीन तंजावरच्या मराठी राजांच्या काळातली. ती राजवट १८५५ मध्ये संपली, जमीन राहिली, आणि तिच्यात राबणारी माणसे बांधाच्या बाहेरच राहिली.

म्हणून माझे मत असे की जमीन त्या मुकादमिणीच्या घराला द्यावी. तिचा मुलगा हुशार आहे, पंप दुरुस्त करतो आणि पाटाच्या पाळ्या त्याला पाठ आहेत. खंड कमी येईल, आणि पावसाने पीक बुडाले त्या वर्षी आपण तो सोडायचा. बाबा आधी गप्प बसले, मग म्हणाले की करार कागदावर हवा. याचा अर्थ ते निम्मे तयार आहेत.

एकच अट मी घातली आहे. घरामागच्या एक मा जमिनीत बाबा माप्पिळ्ळै सांबा हे जुन्या जातीचे भात लावतात, ते बियाणे मोडू नये. तिरुवारूर जिल्ह्यातल्या आदिरंगमला, देशी भाताची बियाणी जपणारे नेल जयरामन यांनी भरवलेल्या भाताच्या जत्रेतून ते आणले होते. तिथे २ किलो बी देत आणि पुढच्या वर्षी ४ किलो परत घेत. जयरामन २०१८ मध्ये गेले. हे भात उंच वाढते, पाण्यात तग धरते, उतारा मात्र बेताचा. विकायला परवडत नाही, रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी छोट्या कांद्याबरोबर खायला यासारखे दुसरे नाही.

पोंगलला सुनेला घेऊन ये. सांब्याचा नवा तांदूळ त्याच सुमारास येतो, आणि माट्टुपोंगल पाहून तुला आजोळचा बेंदूर आठवेल, जरी रंगवायला शिंगे आता थोडीच उरली आहेत. करार तेव्हाच करू. सातबाराला इथे पट्टा म्हणतात. त्याची नक्कल बाबांच्या लोखंडी पेटीत आहे, ती मी तलाठ्यासारख्या इथल्या व्ही.ए.ओ.कडून तपासून ठेवते. तोवर त्या जास्त खंड बोलणाऱ्या गृहस्थांना फोनवर होकार देऊ नकोस, आणि बाबांसाठी गुडघ्याचे ते पट्टे दोन जोड आण.

तुझी,
आई