पाय दिसणारा एक तरी फोटो

प्रिय विन्या,

दोन महिने पत्र नाही, आणि आज लिहितोय तेही माझ्याच गरजेपोटी. गुडघा बरा आहे. उतारावर कुरकुरतो, तेवढंच.

सातपुड्यातल्या त्या सकाळी सागाच्या वाळक्या शेंड्यावरच्या पक्ष्याला तू ‘रानपिंगळा’, म्हणजे ते दुर्मिळ छोटं घुबड, म्हणालास आणि मी लगेच मान डोलावली. ते आता घशात अडकलंय. काल तुझा फोटो मोठा करून बघितला. माथ्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठिपके नाहीत, कबूल. पण मागे आभाळ पांढरंफटक होतं आणि पक्षी काळा पडू नये म्हणून तू एक्स्पोजर दीड स्टॉप चढवलं होतंस. अशा उजेडात माथ्यावरचे बारीक ठिपके धुऊन निघतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ, फाइल असेल तर उजेड खाली आणून बघ. जेपेगमध्ये जळालेलं पांढरं परत येत नाही.

तसंही माथ्यावर भिस्त ठेवू नकोस. पिसं झिजली की साध्या पिंगळ्याचे ठिपकेही पुसट होतात. आधी छाती बघ. रानपिंगळ्याची छाती जवळजवळ सलग तपकिरी, कुशीवर ठळक आडवे पट्टे, आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. साध्याच्या छातीपोटावर ठिपक्यांच्या तुटक ओळी असतात, शिवाय मानेमागे पांढरी पट्टी. पंखांवर आणि शेपटीवर रानपिंगळ्याचे पट्टे रुंद. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, लोकरीचे मोजे घातल्यासारखे. तुझ्या फोटोत पाय नेमके फांदीआड! जंगली पिंगळा मात्र बाद. त्याच्या डोक्यापासूनच बारीक आडव्या रेघा असतात.

साडेनऊच्या उन्हात उघड्यावर बसला होता, हा तुझा हुकमाचा पत्ता. थंडीत साधा पिंगळाही ऊन खात बसतो रे. मला भरवसा आहे तो एकाच गोष्टीचा: पुस्तक उघडण्याआधी वहीत खरडलेलं ‘शेपटी डावी-उजवी, झटक्याने’. ती सवय रानपिंगळ्याची. पण एका सवयीवर नोंद उभी राहत नाही.

मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज लावू दिला असतास तर बोलला असता, असं परतताना तू चारदा ऐकवलंस. पाचव्यांदाही माझं उत्तर नाहीच. हद्दीत दुसरा नर आला समजून तो शिकार आणि ढोली सोडून भांडायला येतो, आणि मागे घरटं राखणीविना राहतं. (तुझ्या त्या स्पीकरवरून आपलं आधीच एकदा सहा महिने बोलणं बंद होतं, आठवतंय ना?)

एवढा कीस का काढतोय, ते तुलाच कळेल. 1884 नंतर 1997 पर्यंत या पक्ष्याची एकही खरी नोंद नाही. मधली 1914 ची होती ती मायनर्टझहागन या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाची, आणि ती खोटी. दुसऱ्याचा जुना नमुना चोरून त्याने त्याला नवं लेबल चिकटवलं आणि शोधणाऱ्यांना भलतीकडे धाडलं. ते लेबल खोटं ठरल्यावर पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन आणि सोबत्यांना हा पक्षी शहाद्याजवळ सापडला. आपण चोरी न करताही तेवढाच घोळ घालू शकतो.

म्हणून यादीत सध्या नुसतं ‘पिंगळा, जात अनिश्चित’ कर. पुढे ठरलाच तरी झाड कुठलं ते कुणाला सांगायचं नाही. कॅमेरेवाले तिथे रांग लावतील. आणि तुझ्या दुर्बिणीचं डायॉप्टर, म्हणजे उजव्या डोळ्याची जुळणी करणारी कडी, सैल झालंय, म्हणून तुला उजव्या डोळ्याने धूसर दिसत होतं. उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डावीकडचं स्पष्ट कर, मग डावी झाकून चाकाला हात न लावता फक्त उजवी कडी फिरव. जमलं की कडीवर चिकटपट्टी लाव. दुर्बीण तुझी, पण धूसर पक्ष्याला मान मी डोलावली.

मुलीचं ठरलं हे कळलं, फार छान झालं. वहिनींना नमस्कार. बदलीचं काय झालं, ते सावकाश लिही.

त्याआधी रॉ फाइली पाठव. पाय दिसणारा एक तरी फोटो असेल, हललेला असला तरी चालेल.

तुझा,
सुध्या