गावच्या रेडिओची राजकीय आठवण नोंदवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून अख्खा चौक संध्याकाळच्या बातम्या ऐकत असे, त्या काळातील लहान गावांची राजकीय चर्चा कोणीतरी नोंदवून ठेवायला हवी, असे कळकळीने वाटते. २६ जून १९७५ रोजी सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आणीबाणीची माहिती देशाला आकाशवाणीवरूनच दिली. पुढे बातम्यांत सरकारचीच बाजू येते हे लोकांना उमगले, तेव्हा अनेक घरांत दार लोटून, आवाज अगदी बारीक करून बीबीसीची हिंदी सेवा ऐकली जाई. लघुलहरींवरचा तो आवाज मध्येच विरे. मग सुई केसभर सरकवावी लागे आणि हुकलेल्या वाक्याबद्दल सगळे हळहळत. उतरलेले सेल उन्हात तापवून पुन्हा घालणे तर नेहमीचेच. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत राजकीय पक्षांना आकाशवाणीवर प्रथमच प्रचारासाठी वेळ मिळाला. विरोधकांचे म्हणणे सरकारी माध्यमातून कानी पडणे, हा अनुभव माझ्या मते मोठ्या जाहीर सभांइतकाच मोलाचा होता.

तेव्हाचे तरुण श्रोते आज सत्तरीच्या आसपास आहेत. तालुक्याच्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात; काय ऐकले एवढेच नव्हे, तर ऐकल्यावर पारावर कोणाचा कोणाशी वाद झाला आणि मत बदलले का, हेही आवर्जून विचारावे. टपाल कार्यालयातून मिळणारे रेडिओचे जुने परवाने कोणाकडे असतील, तर तेही या नोंदींसोबत जपावेत.

आपला,
एक नियमित वाचक