थीम पार्क सहल : लहान मुलांच्या विश्रांतीबाबत सूचना

सर्व सभासद पालकांसाठी :

५ वर्षांखालील मुलांची दुपारची झोप घरच्याच वेळेला ठेवावी. मूल किरकिरायला लागल्यावर जागा शोधणे म्हणजे उशीरच. अति दमलेले मूल उलट लवकर झोपत नाही. झोपेच्या अर्धा तास आधी राइड थांबवा, पाणी-खाऊ द्या, डायपर बदला आणि स्पीकरपासून लांब, सावलीत बसा. स्ट्रोलरची पाठ आडवी करा, पट्टे लावलेलेच ठेवा. वरून दुपट्टा मात्र टाकू नका, अगदी पातळसुद्धा. आत हवा कोंडते आणि उष्णता झपाट्याने वाढते. स्ट्रोलरचे छत पुरेसे आहे. झोप लागलीच नाही, तर २० मिनिटे नुसते पडून राहिले तरी चालेल (मोबाइल न देता). तोवर मोठ्या भावंडांना दुसऱ्या पालकाने राइडवर न्यावे.