लेडीज सायकल : रंग आहे, टोपली आहे, माप कुठंय?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि परभणी, लातूर, नांदेडच्या सायकल दुकानांत मुलींसाठी सायकल घ्यायला आलेल्या पालकांची गर्दी होते. तिथं प्रश्न दोनच निघतात : लेडीज की जेन्ट्स, आणि गुलाबी की जांभळी. मुलीची उंची कधीमधी विचारली जाते, तिच्या पायाची लांबी मात्र कोणीच मोजत नाही. दोनशे रुपयांची चप्पल पायात घालून बघितल्याशिवाय कोणी घेत नाही. पाच हजारांची सायकल मात्र स्टँडवर उभी असतानाच पसंत होते.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं आणि २०२२ पासून ते ५००० रुपये आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मुलींची शाळा या सायकलीमुळे सुटत नाही. म्हणून हे पत्र योजनेविरुद्ध नाही. त्या पैशातून घरी येणारी सायकल मुलीच्या मापाची असावी, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आधी ‘लेडीज’ म्हणजे नेमकं काय ते पाहू. पुढची आडवी दांडी काढून तिच्या जागी खाली झुकलेली नळी टाकली की झाली लेडीज सायकल. साडी, सलवार, शाळेचा ड्रेस घालून चढता-उतरता यावं म्हणून केलेली ही सोय आहे आणि ती खरोखरच कामाची आहे. दांडीमुळे फ्रेमला मिळणारा ताठपणा जातो, म्हणून नळ्या जाड घ्याव्या लागतात आणि सायकल वजनाला भारी होते, तेही चालेल. पण दांडी गेली म्हणून सायकल लहान झाली असं होत नाही. पाय टाकायला सोपी आणि बसायला उंच, अशी सायकल मुलीच्या गळ्यात पडते.

दुसरा घोळ ‘२६ इंची’ या शब्दाचा. २६ हे चाकाचं माप आहे, फ्रेमचं नव्हे. (तेही एकच नाही. लेडीज सायकलचा २६ × १ ३/८ टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो आणि एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, २६ × १.९५ हा ५५९ च्या. दोन्हींवर २६ लिहिलेलं असतं, पण एकाचा टायर दुसऱ्याला चढत नाही.) फ्रेमचं माप म्हणजे पायडल जोडलेल्या दांड्यांचा, म्हणजे क्रँकचा, जो मधला ॲक्सल, त्याच्या केंद्रापासून सीटच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी. नेहमीच्या लेडीज सायकलीत ती बहुतेक वेळा २० इंच, म्हणजे ५१ सेंटिमीटर भरते. वर स्प्रिंगची सीट आणि तिचा क्लॅम्प मिळून आणखी १०-११ सेंटिमीटर. म्हणजे सीट पार खाली ठोकली तरी ॲक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ६२ सेंटिमीटर होणारच.

आता बसणारीचं माप. आपल्याकडच्या प्रौढ स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास असते. या उंचीला पायाची आतली लांबी साधारण ६८ सेंटिमीटर येते. आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणून सीटची उंची काढायचा हिशेब सायकलवाल्यांत जुना आहे. ६८ ला त्यानं ६० येतात. हा आकडा वेगात वाकून चालवणाऱ्यांचा. बाजारात, शाळेत ताठ बसून जायचं तर त्यातून दोन-तीन सेंटिमीटर कमी करावेत, म्हणजे ५७-५८. सायकल ६२ च्या खाली येत नाही आणि मुलीला ५८ हवेत. ही चार सेंटिमीटर वरवर पाहता काहीच नाहीत, पण प्रत्येक फेऱ्याला तिचं कंबरडं डावी-उजवीकडे हेलकावतं, गुडघ्यामागची शीर ताणते आणि रिक्षा आडवी आली की पाय टेकायला जमीन सापडत नाही. ही सरासरी उंचीच्या बाईची गत झाली. आठवीतली मुलगी १४५ सेंटिमीटरची असेल तर फरक सहा-सातवर जातो.

माप घरी घेता येतं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक कणा वर करून दोन्ही पायांच्या मध्ये धरायचं आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर दाबायचं. पुस्तकाची दुसरी कडा भिंतीला टेकलेली हवी, नाहीतर ते तिरकं होतं. कण्याच्या वरच्या कडेला पेन्सिलीची खूण, खुणेपासून जमिनीपर्यंत टेप. तीनदा मोजून मधला आकडा धरावा. ६६ सेंटिमीटरच्या आत असेल तर २४ इंची चाकाची किंवा १६-१७ इंच फ्रेमची सायकल, ६६ ते ७२ ला १८ इंच फ्रेम, आणि त्यापुढं २० इंच खुशाल घ्यावी. पालक म्हणतात, वाढत्या अंगाची घेतो, बारावीपर्यंत चालेल. लहान फ्रेमची सीट वर काढता येते, मोठ्या फ्रेमची नळी कापता येत नाही. फक्त सीट पाइपवरची खूण नळीच्या बाहेर दिसेल इतकी सीट वर काढू नये. खूण नसेल तर निदान सहा-सात सेंटिमीटर पाइप आत राहिला पाहिजे.

सायकल आधीच घेऊन झाली असेल तर एक उतारा आहे. स्प्रिंगची सीट काढून बिनस्प्रिंगची बुटकी सीट बसवली की चार-पाच सेंटिमीटर खाली येता येतं. उंची लावताना टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर कलता कामा नये. मग पावलाचा चवडा पायडलवर घेतला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुतेक खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. शिकाऊ मुलीला सुरुवातीला आणखी चार बोटं खाली चालेल, पण ती सवय कायमची होऊ देऊ नये. थांबताना सीटवर बसूनच पाय टेकायचा आग्रह सोडून सीटच्या पुढं उतरायला शिकवावं. दांडी नसल्याचा खरा फायदा तिथंच होतो.

क्रँककडे तर कोणाचंच लक्ष नसतं. मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना १७० मिलिमीटरच्या आसपासचे क्रँक असतात. ६८ सेंटिमीटर पायाला १५० ते १५५ पुरतात. वीस मिलिमीटरनं क्रँक आखूड केला तर सीट तेवढीच वर घ्यावी लागते, म्हणजे पायडल वर आल्यावर गुडघा कमरेच्या मानानं चार सेंटिमीटर कमी उचलला जातो. मांडी पोटाला लागत नाही. पुढच्या चाकाला पावलाचं टोक घासायचंही कमी होतं. लहान फ्रेमवर वळताना मुली पडतात त्यामागं कित्येकदा हे घासणंच असतं. २४ इंची सायकलीचे क्रँक आखूड मिळतात. चौकोनी ॲक्सलवर क्रँक बदलणं पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) असेल तर दहा मिनिटांचं काम. कॉटर पिनचा, म्हणजे पाचरीसारख्या पिननं ॲक्सलवर आवळलेला, क्रँक मात्र पिन हातोडीनं वेडीवाकडी न ठोकता काढावा लागतो, आणि नवी पिन कानशीनं घासून दोन्ही बाजूंना सारख्या कोनात बसवावी लागते, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत.

ब्रेकचं बघा. रॉड ब्रेकचा लिव्हर हँडलपासून जितका लांब आहे तितकाच राहतो. आठवीतल्या मुलीची बोटं जेमतेम टोकानं त्याला पोचतात, आणि बोटांच्या टोकांनी ब्रेक दाबला जात नाही. बोटाचं पहिलं पेर लिव्हरवरून वळलं पाहिजे. केबल ब्रेकच्या बऱ्याच लिव्हरना मुळाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. मात्र त्यानं केबलही ओढली जाते, म्हणून रबर रिमला घासत असतील तर ती थोडी सैल करून घ्यावी लागते. लिव्हर हँडलपासून दोन बोटं दूर असतानाच रबर रिमला लागले पाहिजेत. केबल जास्त सैल सोडली तर लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही.

सीटच्या रुंदीबद्दल बायका बोलायला संकोचतात आणि दुकानदार बोलू देत नाहीत. बसताना भार दोन हाडांवर यायला हवा. स्त्रियांत या हाडांतलं अंतर सरासरीनं जास्त असतं, पण एखादीचं किती आहे ते तिच्या अंगकाठीवरून कळत नाही. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर अर्धा मिनिट, किंचित पुढं वाकून, टाचा उचलून बसावं. खडू आडवा घासला की दोन खड्डे उमटतात. त्यांच्या मध्यांतलं अंतर १२ सेंटिमीटर आलं असं समजा. वाकून चालवायची गिअरची सायकल असेल तर त्यात दोन-अडीच मिळवून साडेचौदाची सीट, ताठ बसायचं असेल तर पाच मिळवून सतराची. लेडीज म्हणून विकली जाणारी गुबगुबीत रुंद सीट वाकून चालवणारीच्या मांड्या सोलते. जेलचं मऊ कव्हर तर त्याहून फसवं. हाडं त्यात बुडतात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. मुंग्या, बधिरपणा, लघवीला जळजळ अशा तक्रारी तिथून सुरू होतात. सीट थोडी कडक, मधे खाच असलेली, आणि पातळीत हवी. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, फार तर एखादा अंश खाली. जास्त खाली केली तर अंग पुढं घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो.

संभाजीनगरहून रविवारी दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जाणाऱ्या बायका आता दिसतात. त्यांच्या कपड्यांबद्दल दोन ओळी. सायकलिंगच्या शॉर्टमधलं पॅड पुरुषांचं आणि बायकांचं वेगळं असतं. बायकांचं मागं रुंद, पुढं आखूड, आणि मधोमध शिवण नसलेलं. ती आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते, कारण आतल्या कपड्याची शिवणच घासते. वर कुर्ता घालायला काहीच हरकत नाही. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा घासतात, त्यापेक्षा मेन्स्ट्रुअल कप सोयीचा. शॉर्टमधलं पॅड रक्त शोषायला केलेलं नसतं. मे महिन्यात पारा ४२ वर असताना ओली शॉर्ट तशीच अंगावर ठेवली की बुरशी झालीच म्हणून समजा. घरी येताच बदलावी, साध्या साबणानं धुवावी, सॉफ्टनर घालू नये, उलटी करून सावलीत वाळवावी. हेल्मेट घेताना टेप भुवयांच्या दोन बोटं वरून डोक्याभोवती फिरवावा, आणि वेणी किंवा अंबाडा हेल्मेट आवळायच्या मागच्या चाकीवर येऊन हेल्मेट पुढं ढकलत नाही ना ते बघावं. वेणी चाकीच्या खालून निघाली पाहिजे.

ओढणीचं वेगळं सांगायला नको, तरी दरवर्षी अपघात होतातच. दोन्ही टोकं पाठीमागं कमरेशी गाठ मारून ठेवावीत. मागच्या चाकाचं ड्रेस गार्ड आणि पूर्ण चेन कव्हर असेल तरच सायकल घ्यावी. चेन कव्हर चेपलं की खडखडतं आणि वैतागून लोक ते काढून फेकतात. तो आवाज बहुतेकदा पट्टी वाकल्यामुळे येतो. ती सरळ करून स्क्रूखाली एक वायसर टाकला की थांबतो. काळ्या रानातल्या पाणंदीनं येणाऱ्या मुलींनी मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर फट आहे का हेही बघावं. पहिल्या पावसातच तिथं माती बसते आणि चाक जाम होतं.

बायकांसाठी वेगळी फ्रेम हवी की नको, हा वाद परदेशातही आहे. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ साली बुटक्या बायकांसाठी सायकली बनवायला घेतल्या. त्यांतल्या लहान मापांना पुढचं चाक २४ इंची, मागचं मोठं, म्हणजे फ्रेम आखूड करूनही पाऊल चाकाला लागत नसे. गेल्या दशकाच्या अखेरीस मात्र स्पेशलाइज्डसारख्या सायकल कंपन्यांनी बायकांची वेगळी फ्रेम सोडली. बाई आणि पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षा दोन बायकांतला फरकच मोठा निघतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी फ्रेम एकच ठेवली, पण मापं जास्त काढली, आणि मापागणिक क्रँक, हँडलची रुंदी, सीट बदलून दिली. आम्हाला हे पटतं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं : फ्रेम वेगळी आणि माप एकच.

आमची मागणी फार खर्चाची नाही. शाळेत पी.टी.च्या तासाला बाईंनी टेप घेऊन चाळीस मुलींची मापं घ्यायला दोन तास पुरतात. तो आकडा मुलीच्या हातात चिठ्ठीवर द्यावा. अनुदानासाठी जोडायच्या बिलावर चाकाच्या मापाबरोबर फ्रेमचं माप लिहिणं सक्तीचं करावं, एक ओळ तर वाढेल. बिलावर लिहायची वेळ आली की दुकानदार १८ इंची फ्रेम मागवू लागतील. आज गिऱ्हाईक मागत नाही म्हणून ते ठेवत नाहीत, आणि दुकानात दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक मागत नाही. सायकल ताब्यात देताना सीट आणि ब्रेक लिव्हर त्या मुलीला बसवून लावून द्यावेत, तिच्या वडिलांना बसवून नव्हे.

आणि ज्यांच्या घरी या महिन्यात नवी सायकल येईल त्यांनी पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर ती परत दुकानात न्यावी. क्रँकची पिन किंवा बोल्ट, सीटचा नट आणि हँडलचा बोल्ट तोवर सैल झालेले असतात. पाना लावून आवळायचे पैसे सहसा कोणी घेत नाही.

आपले,
सायकल जुळणी व दुरुस्तीचं काम करणारे काही वाचक, परभणी