आमच्या बोर्डावर कोण ऐकतंय ते माहीत असायचं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या वहिनी चार दिवस राहायला आल्या होत्या, रात्री जेवताना गुडघ्याचा विषय निघाला, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात आणि त्यांना भीती वाटते असं सगळं बोलणं झालं, आणि सकाळी माझ्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात! मी जन्मात कधी पट्टा शोधलेला नाही. वहिनींनी तो फोन उचलून उशीखाली घातला आणि म्हणाल्या, वन्सं, हे मेलं सगळं ऐकतंय हो.

हे आता घरोघरी चाललंय. एसटीत, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, जिथं जावं तिथं हाच किस्सा, फक्त पट्ट्याच्या जागी कुणाची साडी असते, कुणाचा मिक्सर. मला यावर लिहायचंय कारण मी स्वतः टेलिफोन ऑपरेटर होते. १९७९ ला डिपार्टमेंटला लागले, ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल जोडायच्या कामावर. कानाला हेडफोन, समोर कॉर्ड, ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग, पीपी (ठरावीक माणसालाच बोलवायचा) असे कॉल बुक व्हायचे आणि लोक तासन्‌तास वाट बघायचे. कॉल जोडला की दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय का ते बघायला आम्हाला लाईनवर जावंच लागायचं. तीन मिनिटं झाली की परत. म्हणजे ऐकणं हा कामाचाच भाग. मयताच्या बातम्या ऐकल्यात, मोडलेली लग्नं ऐकलीत, मुंबईच्या गिरणीतून गावाकडं बायकोशी बोलणारे नवरे ऐकलेत. पण आम्ही ऐकू शकतो हे लोकांना ठाऊक असायचं, आणि बाहेर एक शब्द फुटला तर काय होईल ते आम्हाला ठाऊक असायचं. १८८५ चा तार कायदा होता, त्यात कर्मचाऱ्यानं बेकायदा निरोप ऐकला किंवा फोडला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. सुपरवायझरबाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं, आणि सांगताना त्या अजिबात हसल्या नव्हत्या.

म्हणून कुणी म्हणालं फोन ऐकतोय तर मी त्याला वेड्यात काढत नाही. पण उशीखाली फोन घालून काही होणार नाही हेही मला सांगायचंय.

वहिनींना मी नीट विचारलं तेव्हा कळलं की त्या पंधरा दिवस झाले रोज पट्टेच बघत होत्या. आमच्याकडे आल्यावर त्यांचा फोन आमच्या वायफायला लागला, दोन्ही फोन चार दिवस एका छपराखाली, दोघींचे नंबर एकमेकींच्या फोनमध्ये. जाहिरातवाल्यांना एवढं पुरतं, एका वायफायवरचे फोन म्हणजे एक घर असं ते धरून चालतात. आमचं बोलणं ऐकायची त्यांना गरजच पडली नसणार, आणि मला तर ते ऐकण्यापेक्षा जास्त भयंकर वाटतं. २०१८ साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सतरा हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली, गुपचूप माईक चालू करून बोलणं पाठवणारं त्यांना एकही सापडलं नाही. पण काही ॲप तुमच्या स्क्रीनवर काय चाललंय त्याचे फोटो, व्हिडिओ तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडली. सगळं जग माईककडं बघत बसलेलं आणि चोरी होत होती दुसऱ्याच दारानं.

याचा अर्थ माईक कधीच वापरला नाही असाही नाही बरं का. स्पेनच्या ला लिगा या फुटबॉल लीगचं ॲप होतं, मॅचचा स्कोअर बघायचं. ते प्रेक्षकांच्या फोनचा माईक आणि लोकेशन वापरून कुठला बार पैसे न भरता मॅच दाखवतोय ते शोधत होतं, म्हणजे माणूस बिचारा मित्रांबरोबर बसलाय आणि त्याच्या खिशातला फोन त्याच बारवाल्याची चहाडी करतोय. परवानगी मात्र त्यानंच दिलेली, हो दाबून. आपल्याकडं गुरुग्रामच्या एका कंपनीनं टीव्हीच्या जाहिरातीत माणसाला ऐकू न येणारा आवाज घालायची युक्ती काढली होती, फोनमधल्या ॲपला तो ऐकू यायचा आणि या घरात काय बघतात ते कळायचं, तो कोड वापरणाऱ्या बारा ॲपवाल्यांना अमेरिकेच्या ट्रेड कमिशननं २०१६ ला पत्रं धाडली. ॲपलच्या फोनमधली सिरी, हाक मारली की उत्तर देणारी, कुणी हाक न मारता चुकून चालू व्हायची आणि त्यातली काही रेकॉर्डिंगं कंत्राटी माणसं ऐकत होती, डॉक्टरशी झालेली बोलणीसुद्धा, ते २०१९ ला बाहेर आलं, कंपनीनं माफी मागितली, आणि पुढं कोर्टातला दावा मिटवायला २०२४ च्या अखेरीस साडेनऊ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, चूक मात्र मान्य केली नाही. ती ऐकणारी माणसं आमच्यासारखीच हेडफोन लावून बसलेली असणार, फरक एवढाच की पलीकडं बोलणाऱ्याला ती तिथं आहेत हे माहीतच नव्हतं.

टीव्हीचं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीच्या १ कोटी १० लाख टीव्हींनी घरातलं माणूस सेकंदासेकंदाला काय बघतंय ते टिपून विकलं, २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून सुटले. टीव्हीमागे हिशोब करा किती पडले ते. स्मार्ट टीव्ही आता आपल्याकडं दिवाळीच्या ऑफरमध्ये हप्त्यावर मिळतो, पहिल्यांदा लावताना चार-पाच पानं येतात, दुकानाचा पोरगा रिमोटनं पटापट ओके ओके करत जातो आणि आपण त्याला चहा देतो.

पण माझं पोट तुटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आमच्या गल्लीतल्या एका मुलानं मोबाईलवरच्या ॲपमधून आठ हजाराचं कर्ज घेतलं. ॲपनं काँटॅक्ट मागितले, फोटो मागितले, त्यानं दिले, पैशाची नड होती. हप्ता चुकला आणि त्याच्या शाळेतल्या सरांपासून होणाऱ्या सासऱ्यापर्यंत सगळ्यांना मेसेज गेले, चोर म्हणून. त्याचा फोटो बिघडवून पाठवला. पोरगं सहा महिने घराबाहेर पडलं नाही, ठरलेलं लग्न मोडलं. त्याचं बोलणं कुणीही चोरून ऐकलेलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ ला सांगितलं की कर्जाच्या ॲपनी काँटॅक्ट, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. चांगलंच झालं, पण हे मराठीत किती जणांपर्यंत पोचलं? मी त्या मुलाच्या आईला सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं.

आणि माझा खरा मुद्दा इथंच आहे. सरकारनं फोन टॅप करायचा तर कुणाची सही लागते, किती दिवस टॅप करायचा, हे सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच सांगून ठेवलंय. खाजगी कंपनीला कशाची गरज लागते? आपल्या एका बोटाची. ते बोट आपण कशावर दाबतो ते आपल्याला वाचता येत नाही, कारण सगळं इंग्रजीत, आणि इंग्रजी येणाऱ्यालाही कळू नये असं लिहिलेलं. माझी नोकरी सगळी त्या खात्यात गेली तरी मला त्यातलं निम्मं समजत नाही. मग याला परवानगी कसं म्हणायचं? कायदा या बाबतीत आपल्या बाजूनं आहे हो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की तुमची कुठली माहिती घेणार आणि कशासाठी, ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय ग्राहकाला द्यायची. आठव्या परिशिष्टात मराठी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना या भागासाठी दीड वर्षाची मुदत मिळालीय, म्हणजे २०२७ चा मे. मला भीती अशी वाटते की तोपर्यंत कुणी मागितलंच नाही तर कुठंतरी कोपऱ्यात मशीननं केलेलं भाषांतर चिकटवून मोकळे होतील, वाचलं तर डोकं फिरेल असलं.

फोन फेकून द्या असं मी म्हणत नाही, माझी बोटं आखडलीत, हे पत्रसुद्धा मी फोनला बोलून टाईप केलंय. ते झालं की माईकची परवानगी मी काढून टाकते, एवढं शिकलेय. वहिनींच्या फोनमध्ये बसून आम्ही दोघींनी यादी काढली, कॅलेंडरच्या ॲपला लोकेशन दिलेलं, बॅटरीच्या ॲपला काँटॅक्ट, आणि पंचांगाच्या ॲपला माईक. पंचांगाला माईक कशाला लागतो? दोन तास लागले, एकेक बंद केलं. माईक चालू झाला की वर कोपऱ्यात छोटा ठिपका येतो, अँड्रॉइडला हिरवा, आयफोनला केशरी, तोही त्यांना दाखवला, आता त्या सारख्या ठिपका बघत असतात.

तुमच्याकडं मागणं असं की अशी यादी कशी काढायची ते आठवड्यातून एकदा, अर्धा कॉलम का होईना, साध्या मराठीत छापा, चित्रासकट, कारण ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे ते पेपर अजून कागदावरच वाचतात. आणि तुमच्या पेपरचं ॲप भाच्यानं मला घालून दिलंय, उघडल्या उघडल्या ते लोकेशन मागतं आणि त्याची सूचना इंग्रजीत आहे, सहा पानांची. ती पहिल्यांदा मराठीत करा. झाली की मला कळवा, मी वाचून मगच हो म्हणेन.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, कराड