चि. प्रसादास पत्र

सोलापूर

चि. प्रसादास अनेक उत्तम आशीर्वाद.

शेफील्डला स्वतःचे हॉटेल काढण्याचे तू ठरवले आहेस हे फोनवर सांगितलेस आणि ‘आधी तो चित्रपट बघा, मग बोलू’ म्हणून विषय मिटवलास. आम्ही दोघांनी ‘द हंड्रेड-फूट जर्नी’ पाहिला. बापूंना त्यातल्या वडिलांच्या कामात ओम पुरी इतके आवडले, की जेवताना तेही तशीच हुज्जत घालू लागले. मला मात्र काही वेगळे सांगायचे आहे, आणि फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून लिहिते.

मुंबईत निवडणुकीच्या वादातून जमाव कदम कुटुंबाचे हॉटेल पेटवतो आणि त्या आगीत आई जाते. जमाव कोणाचा, त्याला कोणी चिथावले, पुढे कोणाला शिक्षा झाली, याबद्दल चित्रपट बोलत नाही. आडनाव कदम असले तरी नावे हसन, मन्सूर अशी असलेल्या घराला आग लागते तेव्हा आपल्याकडच्या प्रेक्षकाला काय काय आठवते, हे मी तुला सांगायला नको. दिग्दर्शक लासे हालस्ट्रॉम मात्र तिथून झटकन फ्रान्सच्या निसर्गात शिरतात; तिथे कदम मंडळी मादाम मॅलरी यांच्या फ्रेंच हॉटेलसमोरच आपले नवे हॉटेल काढतात. हसन या मुलाच्या हाताला चव दिली, की त्यांच्या लेखी आईचे काम संपते. मला ते लागले.

फ्रान्समध्येही तेच होते. भिंतीवर ‘फ्रान्स फ्रेंचांचा’ असे लिहिले जाते, कदमांच्या हॉटेलला आग लावली जाते, हसनचे हात भाजतात, आणि सारा दोष मादामच्या एका स्वयंपाक्यावर येतो. मादाम मॅलरी त्याला कामावरून काढतात, पावसात उभ्या राहून स्वतः भिंत घासतात (हेलन मिरेन यांनी ते काम फार संयमाने केले आहे), आणि प्रकरण मिटते. ते इतक्यावर मिटत असते, तर ऑगस्ट २०२४ मध्ये तुमच्या शेजारच्या रॉदरहॅमला, आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलवर जमाव चालून का गेला असता? तेव्हा तू फोन उचलत नव्हतास. रात्री हॉटेल बंद कोण करणार, हे मी म्हणून विचारत होते.

आणखी एक. दुसरा मिशेलिन तारा (उत्तम हॉटेलांना मिळणारा मानाचा दर्जा) मादामच्या हॉटेलला मिळतो, वडिलांच्या ‘मेझों मुंबई’ला नव्हे, हे तुझ्या लक्षात आले का? हसन रस्ता ओलांडून त्यांच्या स्वयंपाकघरात गेला, तेव्हा कुठे त्याच्या आईच्या मसाल्यांना मोल आले. २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे म्हटले होते. पदार्थ त्यांनी आपला मानला. पण तिथली हॉटेले ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली, ते बांगलादेशातल्या सिल्हेटचे लोकही त्यांनी आपले मानले का, हे तूच तिथे राहून मला सांग. उत्तम स्वयंपाक केला की माणूस सुरक्षित होतो, असे हा चित्रपट सुचवतो, आणि तू तेवढेच घेऊन बसला आहेस अशी मला भीती वाटते. वर्गात उभी राहिल्यासारखी बोलले, रागावू नकोस.

बाहेरून आलेल्यांचे कसे असते, हे सोलापूरकराने शिकण्यासाठी परदेशी जायला नको. पूर्व भागातले पद्मशाली विणकर तेलंगणातून आले, मागांवर राबले, आणि त्यांच्या चादरीने या गावाचे नाव दूरवर नेले. चादर विकत घेताना विणकराची भाषा कोणी विचारत नाही. मते मागताना विचारतात. आपल्या आजी मंगळवेढ्याहून आल्या आणि गिरणी कामगारांची खाणावळ चालवू लागल्या, तेव्हा पंगतीत सगळ्या जातींची माणसे बसतात म्हणून भावकीतले लोक तिथे पाणी पीत नसत. उसने पैसे मात्र मागच्या दाराने नेत. आजींनी पंगत बदलली नाही. म्हातारपणी त्या घरी भाकरी थापत, तेव्हा तू शेजारी पाट मांडून बसायचास. तुझी पहिली भाकरी फुगली, तेव्हा पीठ भरल्या हातांनी तू अण्णांच्या दुकानापर्यंत धावत गेला होतास, आणि आजी कोणालाही ती भाकरी मोडू देईनात. तुझ्या हॉटेलात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असणार हे ऐकून मी कॉलनीत चार जणींना सांगितले, हे बापूंनी तुला कळवलेच असेल.

हसन भाजलेल्या हातांनी मादामकडून ऑम्लेट करवून घेतो, ते दृश्य तुला आवडते म्हणालास. मी सगळा वेळ त्याचे बांधलेले हात बघत होते.

पैशांचे बापू बघतील. साखर पेठेतल्या घराचा विषय तू काढू नकोस, विमलकाकूंचा निरोप येऊन गेला आहे. हॉटेलच्या वरच राहायची खोली घेऊ नकोस, हे सांगणार नव्हते, तरी सांगते. बंद करताना कोणीतरी सोबत असू दे. भाडेकराराची प्रत बापूंना पाठव, आणि विम्याच्या कागदांत आगीबरोबर दंगलीचे नुकसानही धरले आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचून घे.

तुझी,
आई