दोनशे बेचाळिसावा दिवस

प्रिय कासवा,

आठ महिन्यांत एक ओळ नाही आणि आता हे लांबण. फोनच करणार होतो, पण तिसऱ्या वाक्याला तू हसला असतास आणि मी विषय बदलला असता. तब्येत बरी आहे. सकाळी टाच ठणकते, चार पावलं टाकली की विसरते. घरचे मजेत.

झालं असं, की मी खोटं बोललो. बोललो नाही खरं तर, खोटं पळालो.

सलग पळण्याचा माझा आकडा २४१ वर होता. नियम तुझाच, रोज किमान एक मैल. १.६ किलोमीटरच्या खाली काही मोजायचं नाही. रॉन हिलची गोष्टही तूच सांगितली होतीस. डिसेंबर १९६४ पासून ५२ वर्षं एकही दिवस न चुकवणारा तो इंग्रज! १९९३ मध्ये पायाच्या ऑपरेशननंतर कुबड्यांवर त्याने मैल पुरा केला हे ऐकून मी भारावलो होतो आणि तू म्हणालास, "वेडा आहे लेकाचा." मला केवढा राग आला होता.

तर मागच्या मंगळवारी घरी यायलाच साडेअकरा वाजले. बाहेर धो धो पाऊस. शूज चढवले आणि जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सुरू केलं. दहा पावलं, वळा, दहा पावलं, वळा. वरून शेजारच्या आजोबांनी डोकावून विचारलं, "काही हरवलंय का?" चाळीस फेऱ्या मोजल्या. कितीही ताणलं तरी त्या हजार मीटर होत नाहीत. उपग्रहावरून अंतर मोजणाऱ्या घड्याळात पाहतो तर १.६३ किलोमीटर. नकाशावर मी समोरच्या इमारतीतून आरपार पळालोय, तेही दोनदा. अकरा बावन्न झाले होते, म्हणजे आठ मिनिटं हातात होती. दम लागला नव्हता, पायही दुखत नव्हते. मी सेव्हचं बटण दाबलं आणि वर जाऊन झोपलो.

सकाळी ग्रुपवर टाळ्या. चप्पलवाल्या काकांनीसुद्धा "शाब्बास पठ्ठ्या" लिहिलं, ज्यांनी आयुष्यात कुणाला शाब्बास म्हटलेलं नाही. मी अंगठा दाखवला.

मग बसून वाचत राहिलो, असं कसं झालं म्हणून. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचला की घड्याळाला वाटतं आपण भलतीकडेच आहोत. पुढच्या क्षणी ते आपल्याला दुसरीकडे नेऊन ठेवतं आणि या सगळ्या उड्यांची बेरीज अंतर म्हणून दाखवतं. उंच इमारतींच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावरही हेच होतं. हे वाचताना मला कोण आठवलं असेल, सांग बघू.

तुझ्या घड्याळात १० किलोमीटर आणि माझ्या ९.४. शेजारी शेजारी पळून. दोन्ही घड्याळांचा फोटो काढून मी ग्रुपवर टाकला आणि खाली तो डोळा मिचकावणारा चेहरा. त्यावर काकांचा विनोद, त्यावर सगळ्यांचं खिदळणं. तू काहीच लिहिलं नाहीस. पंधरा दिवसांनी गुडघा धरून बसलास तेव्हा मी "बहाणा बरा शोधलास" म्हणालो. ते तू विसरला नसशील. मीही नाही. पण तू जाण्याआधी माझ्या बाटलीत पाण्याऐवजी जे भरून ठेवलं होतंस ते मीदेखील विसरलेलो नाही, तेवढं लक्षात असू दे.

खरी पंचाईत पुढेच आहे. त्या दिवसापासून २४३, २४४, २४५ असं चाललंय, पण मैल पुरा झाला की मी जिथे असेन तिथे थांबतो. परवा घरापासून दीडशे मीटरवर थांबलो आणि उरलेलं अंतर चालत आलो. आपण दोघं पळायचो तेव्हा पहिली दहा मिनिटं अशीच नकोशी असायची, आठवतं? पाय लाकडाचे, श्वास भलतीकडे. मग कधीतरी लय सापडायची, तुझी बडबड सुरू व्हायची, आणि घर आल्याचं वाईट वाटायचं. आता त्या दहा मिनिटांतच माझा मैल संपतो. पुढचं येतच नाही.

आणि एक गोष्ट लिहायला लाज वाटते. एवढ्या वर्षांत पहाटे मी स्वतःच्या जिद्दीने कधी उठलोच नाही. तू साडेपाचला कोपऱ्यावर उभा असशील आणि दिवसभर शिव्या देशील, या भीतीने उठायचो. तू थांबलास आणि तुझ्या जागी मी आकडा उभा केला. आकडा शिव्या देत नाही रे.

हिलचं पुढचं मी आता शोधून वाचलं. जानेवारी २०१७ मध्ये, ७८ व्या वर्षी, पळताना छातीत दुखलं, कसाबसा मैल संपवला आणि दुसऱ्या दिवशी तो पळाला नाही. मला तो दुसरा दिवसच दिसत राहतो. सकाळी उठून त्याने काय केलं असेल? तुला विचारतो, कारण तुलाही तशी एक सकाळ आली असेल आणि तेव्हा मी फोनसुद्धा केला नव्हता.

बाकी तुझी नवी जागा कशी आहे? बढती झाल्याचं काकांकडून कळलं, अभिनंदन. छोटी सायकल शिकली का? वहिनींना नमस्कार. गुडघ्याचा व्यायाम करतोस ना?

मंगळवारची ती धाव अजून पुसलेली नाही. रोज उघडतो, बटणावर बोट ठेवतो, बंद करतो. पुसली तर आकडा त्या बुधवारपासून पुन्हा १ ने सुरू होईल आणि काका कारण विचारतील. तू सांगशील तसं करेन.

आणि तुझी त्या दिवसाची धाव खरंच किती होती रे? ९.४ असली तरी मी दहाच धरीन.

तुझा,
ससा

ता. क. शूज ८०० किलोमीटर ओलांडून गेलेत, टाचेचं कारण तेच असावं. खरं तर ७९९.